मोहोळकरबाईंची जहाजाची सहल

मोहोळकरबाई वर्गात शिरायच्या आधी उंबऱ्यावर थांबायच्या, उजव्या हाताचं पहिलं बोट जिभेला लावून ओलं करायच्या आणि ते उभं धरून वारा बघायच्या. रत्नागिरीला किंवा मालवणला कुणी असं केलं असतं तर मी समजू शकते. पण सोलापुरात? आमच्याकडे वैशाखात झाडाचं पान हलायला तयार नसतं, आणि हललंच तर ते शेळीनं ओढलेलं असतं. तरी बाई रोज सकाळी वारा ठरवायच्या. "आज नैर्ऋत्य आहे. बरा आहे. नांगर उचला!" असं त्या म्हणाल्या की आम्ही मुली उभ्या राहायचो. "नांगर टाका!" म्हणाल्या की बसायचो. नवीन आलेल्या मुलीला पहिले काही दिवस आपण चुकीच्या शाळेत आलो असंच वाटायचं.

बाई आमच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. ठेंगण्या, काटक, चष्मा नाकावर घसरलेला आणि काखेत एक पुरुषी छत्री. ती छत्री उन्हासाठी नव्हतीच. मिटलेली छत्री डोळ्याला लावून त्या पटांगणाच्या टोकाला कोण उनाडतंय ते बघायच्या. छत्रीतून काय दिसणार, कपाळ? पण उनाडणारी मुलगी मात्र बरोबर सापडायची. लहानपणीच नवरा गेला, पुण्याला एका आश्रमात राहून शिकल्या, आणि आता शुक्रवार पेठेत एका खोलीत एकट्या राहतात, एवढंच आम्हाला त्यांच्याबद्दल माहीत होतं. त्यापेक्षा जास्त विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

आणि हे सगळं जहाजाचं वेड असणाऱ्या बाईंनी समुद्र पाहिलेला नव्हता. जन्म मोहोळचा. सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते सीना नदीचा पूर, तोही बैलगाडीतून. ही गोष्ट त्या लपवत नसत, उलट तोऱ्यात सांगत. "पाहिला नाही म्हणून तर शिकवते. पाहिलेलं काय शिकवायचं? आपल्या घरची वाट कुणी कुणाला शिकवतं का?" आता यावर काय बोलणार! पण गुराब, शिबाड, पडाव, मचवा अशी गलबतांची नावं त्या अशी घ्यायच्या की जणू सगळी त्यांच्या चुलतभावंडांची नावं आहेत.

डावं-उजवं हे शब्द त्यांना वर्ज्य होते. "मनू, तुझ्या वायव्येला खडू पडलाय, उचल." मंडईतसुद्धा तोच कारभार. आमच्या शाळेचा शिपाई सिद्राम पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर जायचा, त्यानं एकदा आम्हाला सांगितलं, "बाई वांगीवालीला म्हनल्या, ईशान्येचं वांगं दे. ती बिचारी माझ्याकडं बघाय लागली. मी इचारलं, बाई, ईशान्य म्हंजी कुटं? देवळाकडं का स्टेशनाकडं? तर म्हनल्या, सिद्राम, तू आजून किनाऱ्यावरच हाईस." पुढं पुढं सिद्रामलाही ती सवय लागली. घंटा झाली की तो ओरडायचा, "पोरींनो, आग्नेय दारानं भाईर पडा, पच्चिमेकडं बैल बसलाय!"

मी तेव्हा मराठी सातवीत होते. माझं नाव मनोरमा, घरात मी थोरली. माझ्या पाठीवर बाळ्या आणि शांती, आणि त्या वर्षी आईला पुन्हा दिवस गेलेले. वडील, म्हणजे आमचे अण्णा, गिरणीत कारकून. सातवीची परीक्षा झाली की वैशाखात माझं लग्न उरकायचं हे घरात ठरलेलं होतं. मुलगा बार्शीकडचा होता, मी त्याला पाहिलेलं नव्हतं आणि त्यात कुणालाच काही चुकीचं वाटत नव्हतं. मलाही नाही. फक्त त्याआधी एकदा, एकदाच, मला काहीतरी मोठं बघायचं होतं. काय ते मला सांगता आलं नसतं. बाईंना आलं.

श्रावणातली गोष्ट. बाई वर्गात आल्या त्या वारा न बघताच. हातात वाचनालयातून मागून आणलेलं वर्तमानपत्र. मुंबईला बंदराजवळ जुन्या गलबतांचा अजबखाना मांडलाय आणि तो सर्वांना बघायला खुला आहे, अशी चार ओळींची बातमी त्यांनी आम्हाला एखादी आरती म्हणावी तशी वाचून दाखवली. मग चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "मुलींनो, नाताळच्या सुटीत आपण जाणार."

आता गलबतांचा अजबखाना म्हटल्यावर आम्हाला काय वाटणार? आम्ही असं काही पाहिलेलं ते फक्त गड्ड्याच्या यात्रेतल्या सर्कशीत. तिथं हत्ती म्हणजे हत्ती असतो आणि वाघ म्हणजे वाघ. तेव्हा गलबत म्हणजे गलबतच. अख्खं, डोलकाठीसकट, वर चढून बघायचं. आम्हाला तर शंका आली नाहीच, पण बाईंनाही आली नाही. आणि त्या दिवसापासून जी तयारी सुरू झाली, तिनं सगळी शाळा डोक्यावर घेतली.

पहिली तयारी पाण्याची. सोलापूरच्या मुली एकदम समुद्र बघून घाबरतील म्हणून बाईंनी आम्हाला रांगेनं सिद्धेश्वराच्या तळ्यावर नेलं आणि पायऱ्यांवर उभं केलं. "हे तळं मनात मोठं करा. अजून मोठं. आता पलीकडचा काठ पुसून टाका." आम्ही डोळे मिटून काठ पुसायला लागलो. माझा काही केल्या पुसला जाईना, कारण पलीकडं एक गृहस्थ लंगोट लावून अंग चोळत उभे होते आणि ते काठाबरोबर जायला तयार नव्हते. दर्शनाला आलेल्या बायका आमच्याकडं बघून हात जोडायला लागल्या. त्यांना वाटलं कसलं तरी व्रत आहे.

दुसरी तयारी बोट लागू नये म्हणून. डबा खाऊन झाला की प्रत्येकीनं पटांगणातल्या झोक्यावर बसायचं आणि दुसरीनं गदगदा हलवायचं. बाई शेजारी आलेपाकाची पुडी घेऊन उभ्या. रुक्मिणी नावाची आमची एक मैत्रीण होती, तिनं पहिल्याच दिवशी खाल्लेलं सगळं बाहेर काढलं. बाई अजिबात रागावल्या नाहीत. "हिला तांडेलाजवळ बसवायचं," एवढंच म्हणाल्या. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. अजबखान्यातल्या गलबतावर तांडेल कशाला असेल हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

तिसरी तयारी चढायची. सिद्रामकडून बाईंनी विहिरीच्या दोरांची शिडी करून घेतली आणि पटांगणातल्या कडुनिंबाला टांगली. सिद्राम आधी नाहीच म्हणत होता. "बाई, पोरी हाईत, माकडं न्हाईत." बाई म्हणाल्या, "आधी मी चढते, मग तू बोल." कासोटा खोचला, छत्री कमरेला अडकवली आणि निघाल्या वर. अर्ध्यात गेल्यावर छत्री दोरात अडकली. बाई ना वर जाईनात, ना खाली येईनात. नेमके त्याच वेळी संस्कृतचे कुलकर्णी मास्तर तिथून चाललेले. त्यांनी वर पाहिलं, एकदम खाली पाहिलं, आणि जमिनीकडं बघतच विचारलं, "बाई, काही मदत?" त्यावर बाई वरून म्हणाल्या, "नको. वर वारा सुंदर आहे. मुलींनो, वह्या उघडा, मोसमी वारे लिहून घ्या." तो अख्खा तास आम्ही झाडाखाली बसून लिहून घेतला. शेवटी सिद्रामनं लाकडी शिडी लावून त्यांना उतरवलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळ्या चढायला लागलो. बाई अडकल्या होत्या तिथपर्यंत जाऊन परत यायचं, एवढंच आमचं ध्येय.

आता एवढं चढणं-उतरणं चालल्यावर गावात बभ्रा होणारच. मुली जहाजावर चढणार! जहाजावर म्हणजे समुद्रावर! आणि समुद्र ओलांडणं तर आपल्यात निषिद्ध. आमच्या अण्णांनी धसका घेतला तो वैशाखातल्या लग्नाचा. बार्शीची मंडळी म्हणाली की मुलगी समुद्रावर जाऊन आलीय, प्रायश्चित्त घ्या, तर? ते आमच्या घरच्या भटजींना, नारायणभटांना, विचारायला गेले. नारायणभट म्हणाले, प्रश्न बिकट आहे. मग आणखी दोन-तीन घरचे वडील त्यांच्याकडं गेले, आणि प्रश्न आणखी बिकट झाला.

हे बाईंच्या कानावर गेलं. त्या तडक नारायणभटांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. अण्णांबरोबर मीही होते म्हणून मला तो सामना पाहायला मिळाला. बाईंनी आधी बोट ओलं करून वारा पाहिला. नारायणभटांना वाटलं त्यांना कुणी शाप देतंय, ते अर्धे उठले.

"भटजी, जहाज दोरखंडानं बांधलेलं असणार," बाई म्हणाल्या. "जाणार कुठं नाही, येणार कुठं नाही. ज्यानं काही ओलांडलंच नाही त्यावर बसल्यानं समुद्र कसा ओलांडला जाईल?"

"पण खाली पाणी असणार ना?"

"पाणी विहिरीतही असतं. काठावर बसून पाणी शेंदतोच की आपण."

नारायणभटांनी शेंडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग त्यांनी निर्णय दिला. जहाज बांधलेलं असावं, शीड उतरवलेलं असावं आणि मुलींनी समुद्राकडं पाठ करून बसावं.

"मान्य," बाई म्हणाल्या. "पाठ करूनच बसतील. मान वळवायला तर हरकत नाही ना?"

नारायणभटांना हसू आलं. "मान ज्याची त्याची आहे," असं म्हणून ते आत गेले. अण्णांचा जीव भांड्यात पडला, आणि माझा तर त्याहून खोल भांड्यात. घरी येताना अण्णा आपल्याशीच म्हणाले, "बाई वेडी आहे, पण वकील झाली असती." अण्णांच्या तोंडून ही मोठी स्तुती होती.

नाताळ आला. माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली. शेंगांची चटणी, कडक भाकरी, दशम्या, आलेपाक. आईचे दिवस पुरे भरायला अजून अवकाश होता. माझी आजी वेळापूरहून संक्रांतीनंतर बाळंतपणाला येणार होती. सगळं ठरल्यासारखं चाललेलं. आणि आम्ही निघायच्या आदल्या दिवशी पहाटे आई बाळंत झाली. मुलगा झाला, लहानखुरा पण रडायला खणखणीत. सुईण म्हणाली दोघंही सुखरूप आहेत. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला सांगू. पण मी चुलीपुढं बसले, आणि मला कळलं की आपण जात नाही.

कुणी मला जाऊ नको म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. आई बाजेवर. आजीला निरोप धाडला तरी वेळापूरहून यायला तिला चार-पाच दिवस लागणार. अण्णांना चहासुद्धा करता येत नव्हता. बाळ्या-शांती भुकेनं रडत होती. मी पीठ मळायला घेतलं आणि परातीत टपाटपा पाणी पडायला लागलं. बाळ्या म्हणाला, "ताई, पिठात मीठ घालायचं असतं, रडायचं नसतं." मला हसूही येईना.

त्याच दुपारी बाई आल्या. मुलगा झाल्याचं सिद्रामनं त्यांना सांगितलं असणार. उंबऱ्यावर थांबल्या, बोट ओलं केलं. "इथं वारा पडलाय," असं म्हणून आत आल्या, सरळ स्वयंपाकघरात. माझ्याकडं पाहिलं, परातीकडं पाहिलं.

"पिशवी कुठं आहे तुझी?"

"बाई, मी येत नाही."

"ते मी विचारलं नाही. पिशवी कुठं आहे?"

मी दाराकडं बोट दाखवलं. बाई माझ्याजवळ पाटावर बसल्या. मग त्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली, बाह्या मागं सारल्या आणि परात आपल्याकडं ओढली.

"कुलकर्णी मास्तर सहलीला येतातच आहेत. त्यांच्या मंडळींनाही सांगते, मुलींबरोबर बाईमाणूस पाहिजे. माझ्या जागी त्या जातील. मी इथं राहते."

अण्णा ओसरीवरून धावत आले. "बाई, अहो काय हे! श्रावणापासून तुमची तयारी चाललीय. तुम्ही नाही गेलात तर ही सहल कसली?"

"तयारी झाली म्हणूनच म्हणते," बाई पीठ मळत म्हणाल्या. "मला सगळं पाठ आहे. हिला नाही. आणि मी पुढच्या वर्षी जाईन. हिला पुढचं वर्ष कुठाय?"

वैशाखातलं माझं लग्न बाईंच्या लक्षात होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आतून बाजेवरून आई म्हणाली, "जाऊ दे तिला. बाई, या हो, इकडं या, तुम्हाला बाळ दाखवते." शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. बाळंतिणीच्या खोलीत विधवा बाई कशी, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. आईनं ते ऐकलं आणि तीच हाक आणखी मोठ्यानं मारली.

मी गेले. काय सांगू, गाडीत बसेपर्यंत मला खरं वाटत नव्हतं. रुक्मिणीनं पुण्यापर्यंत आलेपाक खाल्ला. कुलकर्णी मास्तर दर स्टेशनवर आम्हाला मोजत होते आणि एकदा स्वतःला मोजायचे विसरून घाबरले. मुंबईला आम्ही त्यांच्या एका नातलगांकडं उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कासोटे घट्ट खोचून, तळहाताला दोर धरल्याचे घट्टे पडलेल्या अशा आम्ही सगळ्या जहाजावर चढायला अजबखान्यात दाखल झालो.

एक लांबट दालन होतं. त्यात काचेची कपाटं. कपाटांत गलबतं. हाताएवढी.

आम्ही थिजलोच. कुलकर्णी मास्तरांनी तिथल्या रखवालदाराला विचारलं, "मोठी कुठं आहेत?" तो म्हणाला, "हीच मोठी. लहान पलीकडं आहेत." रुक्मिणी खाली फरशीवर फतकल मारून बसली आणि हसायला लागली. मग आम्ही सगळ्याच हसायला लागलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. झोका, शिडी, नारायणभटांचा निर्णय, सगळं कशासाठी, तर या बाहुल्यांसाठी!

पण हसून झाल्यावर मी काचेला नाक लावलं. आणि एकेक ओळखायला लागले. ही गुराब, हिची नाळ, म्हणजे पुढची चोच, बघ कशी टोकदार आहे. हा पडाव. हे शिबाड. कुठला दोर कशाला बांधतात, सुकाणू कुठं असतं, वारा मागून आला तर शीड कसं धरतात, सगळं मला येत होतं. सोलापूरच्या एका वर्गात बसून हे सगळं माझ्यात कधी भरलं गेलं मला कळलंही नव्हतं. संध्याकाळी मास्तरांनी समुद्रावर नेलं. मी समुद्राकडं पाठ केली नाही. तोंड करून उभी राहिले, अंधार पडेपर्यंत, आणि मास्तरांच्या मंडळींनी हाताला धरून ओढलं तेव्हाच हलले. मला जे मोठं बघायचं होतं ते हे. आज एवढी वर्षं झाली, संसार झाला, पण काही जड झालं की मी अजून मनातल्या मनात तिथं जाऊन उभी राहते. बाईंचं हे देणं माझ्यानं कधी फिटलं नाही, आणि फिटावं असं मला वाटतही नाही.

परत आले ती दुपारी. जेवणं चालली होती. मी दारातच थांबले. स्वयंपाकघरात धूर कोंडलेला. बाईंच्या गालाला काजळी, दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या, पुढं टोपलीत भाकरी. त्यातली एकही गोल नव्हती. कुणाला शेपटी, कुणाला शिंग. पण पाटावरची मंडळी खुशीत होती. बाळ्या म्हणाला, "बाई, मला आफ्रिका." शांती म्हणाली, "मला पण फ्रिका." बाईंनी दोघांना अर्धी अर्धी आफ्रिका वाढली. आणि मग आमचे अण्णा, जे जेवताना कधी अवाक्षर काढत नसत, ते खाली मान घालून म्हणाले, "बाई, मला थोडं सिलोन." मी तोंडात बोटच घातलं.

आजी त्याच संध्याकाळी वेळापूरहून यायची होती. जेवणं झाल्यावर मागच्या दारी मी आणि बाई भांडी घासायला बसलो. बाईंनी राखेचा हात तसाच ठेवून विचारलं, "चढलीस?"

"बाई, चढायचं नव्हतंच," मी म्हटलं. "काचेच्या कपाटात होती. एवढी एवढी." मी हात करून दाखवला.

बाई माझ्या हाताकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता यांना वाईट वाटणार. तर एकदम हसत सुटल्या. इतक्या की तांब्या घरंगळत गेला आणि आतून आई "काय झालं, काय झालं" म्हणून ओरडायला लागली. "आणि मी झाडावर लटकले!" बाई म्हणाल्या. "मोसमी वारे सांगितले!" त्या पुढच्या वर्षी खरोखरच पुढच्या तुकडीला घेऊन जाऊन आल्या, आणि आल्यावर आम्हाला सांगितलं की मांडणी चुकली आहे, शिबाड पडावाच्या पूर्वेला पाहिजे होतं.

हसणं थांबल्यावर मी म्हटलं, "बाई, माझ्यामुळं तुमचं राहिलं. तुम्हाला लई त्रास झाला."

बाई भांडं विसळत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्रास कसला गं. मी रोज माझ्यापुरतं एक भांडं भात टाकते आणि उभ्या उभ्या खाते. कशाला पाट मांडायचा? इथं बाळ्या पाट मांडून बोलवायचा. तुझी आई बाजेवरून हाक मारायची, बाई, तुम्ही जेवलात का? रोज विचारायची. पहिल्या दिवशी मला कळेचना की मला विचारतेय." मग जरा थांबून म्हणाल्या, "जहाजं काय, कुठं जात नाहीत. बांधलेलीच आहेत."

मी त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं. संध्याकाळी आजी आली तेव्हा बाई आपली छत्री घेऊन निघाल्या. निघायला उगाच वेळ लावत होत्या. शांतीची वेणी पुन्हा घातली, फडताळातले डबे पुन्हा लावले. आईनं त्यांना उंबऱ्यापर्यंत जाऊ दिलं आणि मग म्हणाली, "बाराव्या दिवशी बारसं आहे. यायचं हं." बाई "बघते" म्हणाल्या. असल्या समारंभाला त्या कुठं जात नसत. गेल्याच तर मागं, भिंतीशी उभ्या राहत.

बारशाच्या दिवशी त्या आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, दाराजवळ, भिंतीला लागून. घर बायकांनी भरलेलं. पाळणा सजवला, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, घुगऱ्या वाटायच्या राहिल्या. आता बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि ते सांगायचं आत्यानं. अण्णांना सख्खी बहीण नव्हती. माझ्या वेळी, बाळ्या-शांतीच्या वेळी शेजारच्या काकूंनीच तो मान घेतला होता, तशा त्या पदर सावरून पुढं झाल्यासुद्धा. आईनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा ओसरीच्या दारात उभे होते. त्यांनी घसा खाकरला. त्यांना चारचौघींत बोलायची सवय नव्हती, त्यामुळं आवाज नको इतका मोठा निघाला.

"आत्याबाई, या. नाव सांगा."

बाईंनी मागं वळून पाहिलं, कोण आत्याबाई आल्या म्हणून. मागं भिंत होती. त्यांनी पुन्हा अण्णांकडं पाहिलं.

"तुम्हालाच बोलवतोय," अण्णा म्हणाले.

कुणीतरी "अगं बाई!" म्हटलं. आजीनं तिच्याकडं असं पाहिलं की ती गप्पच झाली. बाई पुढं आल्या. त्यांना वाट करून द्यायला बायका सरकल्या. त्या पाळण्यावर वाकल्या. वर्गात त्यांचा आवाज पटांगणापलीकडं जायचा, पण त्या वेळी त्यांनी नाव काय सांगितलं ते मी शेजारी उभी असून मला ऐकू आलं नाही. सांगून झालं तरी त्या वर उठेनात. बाळानं त्यांचं बोट धरलं होतं, चिंधी बांधलेलं. आई म्हणाली, "राहू द्या हो, घाई काय आहे?"

त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांना कुणी बाई म्हटलं नाही. आम्ही सगळी त्यांना आत्याच म्हणत आलो. मी बार्शीला सासरी गेले तेव्हा ओटीचे तांदूळ आईनं घातले, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभी राहून माझा हात आत्यानं धरला होता.